अभ्यास की दुसरी फळी? ४५ लाखांच्या निधीबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकीचं समजलं असेल तर लगेच लक्षात येईल. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात तुमची संस्था वीसेक वर्षं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करते आहे. हंगामी वसतिगृहं, गावात आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांचे संध्याकाळचे वर्ग, फडावरून (ऊसतोडीच्या शेतावरून) परतलेल्या मुलांना पुन्हा शाळेत बसवणं, असं सगळं. संस्थापक, ज्यांना तुम्ही सगळे भाऊ म्हणता, आता ६८ वर्षांचे आहेत. एका फाउंडेशनने तीन वर्षांसाठी ४५ लाख रुपये 'संस्था बळकट करण्यासाठी' देऊ केलेत आणि त्यातून काय करणार याचं दोन पानी टिपण मागितलंय. भाऊ म्हणतात, पुण्यातल्या चांगल्या एजन्सीकडून एक मोठा अभ्यास करून घेऊ, त्याशिवाय सरकार ऐकत नाही. मंडळातले दोघं म्हणतात, अभ्यास कपाटात जातात, त्यापेक्षा चार तरुण कार्यकर्त्यांना नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवा. तुम्ही १२ वर्षं समन्वयक आहात आणि यातलं काय निवडू असं विचारताय.

माझं मत: दोन्ही सूचना आहेत त्या रूपात घेऊ नका. अभ्यास जरूर करा, पण ज्यांच्या हाती उद्या संस्था द्यायची आहे त्यांनीच तो करायचा. प्रश्न त्यांनी ठरवायचा, नोंदी त्यांनी बघायच्या, निष्कर्ष मंडळासमोर आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर त्यांनी मांडायचे. असं केलं तर ४५ लाखांत दोन्ही कामं होतात. वेगवेगळी केलीत तर बहुधा एकही होणार नाही. असं का म्हणते ते सांगते. मी आधी बरीच वर्षं गावपातळीवर काम केलं, मग एका ट्रस्टमध्ये अर्ज वाचून निधी मंजूर करायच्या बाजूला बसले, आणि आता लहान संस्थांना याच बाबतींत मदत करते. त्यामुळे हा वाद टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकलेला आहे.

तुमच्या संस्थेची खरी अडचण मला अशी दिसते. कोणत्या गावातून किती टोळ्या निघतात, कोणता मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) मुलांना ठेवून जायला तयार होतो, कुठल्या शाळेचे गुरुजी मार्चमध्ये परतलेलं पोर वर्गात घेतात आणि कुठले टाळतात, हे सगळं भाऊंच्या डोक्यात आहे. बीडीओ (गटविकास अधिकारी) फोन उचलतो तो भाऊंचा. फंडरला 'हे आमच्याकडे बसत नाही' असं सांगायची ताकद भाऊंची. म्हणजे माहिती आणि अधिकार दोन्ही एकाच माणसात साठलेत. एजन्सी येईल, भाऊंची तीन तास मुलाखत घेईल, कार्यकर्त्यांना सर्वेक्षणाला गावोगाव फिरवेल आणि इंग्रजीत जाडजूड अहवाल देईल. माहिती भाऊंकडून निघून पुण्यातल्या लॅपटॉपमध्ये जाईल. दुसऱ्या बाजूला, प्रशिक्षणाला गेलेले चौघं नवे शब्द शिकून परत येतील, आणि पुन्हा तीनशे रुपयांच्या व्हाउचरवर सही कोणाची म्हणून थांबून राहतील. त्यातले दोन हुशार वर्षभरात मोठ्या संस्थेत जातील. मी त्यांना दोषही देणार नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते.

पहिलं, हे पैसे कुठले आहेत. तुम्ही 'फाउंडेशन' म्हणालात, पण ते कंपनीचं सीएसआर (म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचं) फाउंडेशन आहे, एखाद्या कुटुंबाचा ट्रस्ट आहे की परदेशी निधी, हे लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच काही ठरतं. कौटुंबिक किंवा सार्वजनिक ट्रस्टचा देशी पैसा सगळ्यांत मोकळा. एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचा, असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला अनुदान म्हणून देता येत नाही. म्हणजे 'एखाद्या संशोधन संस्थेला भागीदार करून त्यांचा हिस्सा त्यांना देऊ' ही कल्पना तिथेच संपते. सीएसआर असेल तर कंपनीला तो खर्च कुठल्यातरी ठोस प्रकल्पाशी जोडून दाखवावा लागेल. तुमच्याकडे वसतिगृहांचा प्रकल्प आहेच, त्यालाच हे काम जोडा.

सीएसआरबद्दल दोन गैरसमज इतके पसरलेत की इथे थांबून बोलायलाच हवं. एक, 'कायद्याने ५ टक्केच प्रशासकीय खर्च चालतो' असं कंपनीचा अधिकारी तुम्हाला सांगेल. २०२१ च्या सुधारित नियमांतली ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. तुमच्या समन्वयकाचा पगार, नोंदी ठेवणाऱ्याचा पगार हे प्रकल्पाचे खर्च आहेत. नियमाची प्रत छापून सोबत ठेवा आणि नम्रपणे दाखवा. मी निधी देणाऱ्यांच्या बाजूला असताना संस्था हे वाचून येत नसत, आणि आमच्यातल्या अनेकांनीही ते वाचलेलं नसे.

दोन, 'इम्पॅक्ट असेसमेंट (कामाच्या परिणामांचं मूल्यमापन) सक्तीचं आहे'. ते कंपनीवर सक्तीचं आहे, आणि तेही सगळ्यांवर नाही. मागच्या तीन वर्षांत ज्या कंपनीचं सीएसआर दायित्व सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने १ कोटी किंवा त्याहून जास्त खर्चाच्या आणि पूर्ण होऊन किमान वर्ष झालेल्या प्रकल्पांचं स्वतंत्र संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यायचं असतं. तुमचे ४५ लाख त्यात येतच नाहीत. तेव्हा भाऊंच्या मनात 'आज ना उद्या असा अहवाल लागणारच, तर आत्ताच करून घेऊ' असं असेल, तर ती भीती बाजूला ठेवता येईल.

दुसरं, तुमच्याकडे अशी दोन माणसं आहेत का? चार नकोत, दोन पुरेत. पदवी कुठली हे मी बघत नाही. जो कार्यकर्ता मासिक बैठकीत 'आपल्या रजिस्टरमध्ये ४० मुलं आहेत, पण जेवायला ३१ च असतात, असं का?' असं विचारून सगळ्यांना अवघडून टाकतो, तो मला हवा. गावात जिच्याशी बायका दार लावून बोलतात ती हवी. अशी दोन माणसं नसतील तर माझं उत्तर बदलेल. मग पहिलं वर्ष माणसं शोधण्यात आणि टिकवण्यात घालवा, अभ्यास पुढच्या हंगामावर टाका.

तिसरं, भाऊ काही सोडायला तयार आहेत का. त्याबद्दल शेवटाकडे बोलते.

भाऊंची बाजूही समजून घेऊ, कारण आकडा लागतो हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जातात हे गावागावांत माहीत होतं, कार्यकर्त्या बोलत होत्या, वर्तमानपत्रांत बातम्याही येत होत्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले आणि त्यांत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं दिसलं. त्यानंतर 'हे तुरळक प्रकार आहेत' असं म्हणायची सोय राहिली नाही. प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही, पण चर्चेची पातळी बदलली.

संशोधनाचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास गडचिरोलीचं उदाहरण दिलं जातं, आणि तुमच्या मंडळातही कोणीतरी देईल. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत राबवली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर नेली. हे मोठं काम आहे, पण दोघंही डॉक्टर, आणि सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण जॉन्स हॉपकिन्समध्ये घेऊन आलेले. तुमच्या तालुक्यातल्या संस्थेने 'आपणही लॅन्सेट' म्हणून सुरुवात केली तर निराशाच पदरी पडेल. त्यांच्याकडून घेण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. प्रश्न गावातून आला. घरोघर जाऊन नोंदी ठेवणाऱ्या गावातल्याच बायका होत्या, बाहेरून आलेले सर्वेक्षक नव्हते. आणि तुलनेला दुसरी गावं ठेवल्यामुळे 'तसंही झालंच असतं' या शंकेला उत्तर मिळालं. या तीनही गोष्टी तुम्हाला तुमच्या ऐपतीत जमतील.

तुमच्यासारख्या संस्थेला मी त्याहून आवर्जून सांगते ते 'बाएफ' या ग्रामविकास संस्थेचं उदाहरण. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला ती संस्था उभी केली. १९९३ मध्ये मणिभाई गेले. एवढ्या प्रभावी माणसामागे संस्था विस्कटते असा आपला अनुभव, पण बाएफ वाढत गेली. नारायण हेगडे, मग गिरीश सोहनी, मग भरत काकडे, असं नेतृत्व आतल्या माणसांकडे जात राहिलं. त्यामागे बरीच कारणं असतील, पण मला एक फार महत्त्वाचं वाटतं: संकरित गाईंपासून चाऱ्यापर्यंत सगळ्या कामाच्या नोंदी आणि प्रयोग हा त्या संस्थेच्या रोजच्या कामाचाच भाग होता. संस्थेचं शहाणपण एका माणसाच्या आठवणीत न राहता केंद्रांत, नोंदींत आणि शेकडो तंत्रज्ञांच्या हातांत होतं. वारसा देण्याजोगं काहीतरी नोंदलेलं असलं की वारस सापडणं सोपं जातं.

आणि एक उदाहरण थोडं बोचणारं. मुंबईच्या 'स्नेहा' संस्थेने ४८ वस्त्यांमध्ये चाचणी केली. निम्म्या वस्त्यांत महिलांचे गट बांधायचे, निम्म्यांत नाही, आणि बाळंतपणाच्या काळजीत आणि नवजात मृत्यूंत फरक पडतो का ते बघायचं. झारखंड-ओडिशात अशाच गटांमुळे नवजात मृत्यू बरेच घटल्याचं 'एकजूट' संस्थेच्या अभ्यासात दिसलेलं होतं. मुंबईत मात्र तसा फायदा दिसला नाही. २०१२ मध्ये स्नेहाने हे रीतसर प्रसिद्ध केलं. संस्था बंद पडली नाही, उलट तिच्या शब्दाला वजन आलं. भाऊंना हे नक्की सांगा आणि त्यांना विचारा: आपल्या अभ्यासात वसतिगृहांमुळे फारसा फरक पडत नाही असं निघालं तर आपण ते छापू का? उत्तर 'नाही' असेल तर अभ्यासावर पैसे घालू नका. त्याला जाहिरात म्हणा, ती स्वस्तात होते.

आता तुमचा अभ्यास कसा असेल. एजन्सी विचारेल, 'किती लाभार्थी, किती टक्के समाधानी'. तुमच्या कार्यकर्त्यांना खरोखर छळणारा प्रश्न दुसराच असणार. तुम्ही ओझरतं लिहिलंय, की वसतिगृहात नाव असूनही सहावी-सातवीच्या मुली डिसेंबरच्या सुमारास आई-बापांकडे फडावर निघून जातात. हाच प्रश्न घ्या! कोणत्या मुली जातात? लहान भावंड सांभाळायला जातात की स्वयंपाकाला? वसतिगृहात रात्री बाई मुक्कामी असते तिथे हे कमी होतं का? उचल (मुकादमाकडून आगाऊ रक्कम) जास्त घेतलेल्या कुटुंबात जास्त होतं का? ज्या गावात वसतिगृहच नाही तिथल्या, आजीजवळ राहिलेल्या मुलींचं काय होतं? या एका प्रश्नाभोवती दोन हंगाम नीट काम केलंत तर पुढच्या दहा वर्षांचं धोरण हाती लागेल.

वेळापत्रकाकडे लक्ष द्या, कारण बाहेरच्या एजन्सीचं गणित इथेच फसतं. त्यांचं वर्ष मार्चअखेरीला संपतं, म्हणून सर्वेक्षणाची गाडी जानेवारी-फेब्रुवारीत येते. त्या वेळी तुमची निम्मी गावं रिकामी असतात. ज्यांच्याबद्दल अभ्यास करायचा ती कुटुंबं सांगली-कोल्हापूरला नाहीतर बेळगावकडे कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. मग घरी सापडलेल्या लोकांची मुलाखत होते आणि अहवालात स्थलांतर कमी झाल्याचं दिसतं. तुमच्या माणसांनी केलं तर पहिली फेरी गणपतीनंतर, टोळ्या निघण्याआधी. दुसरी डिसेंबर-जानेवारीत, एक वसतिगृहात आणि एक थेट कारखान्याच्या अड्ड्यावर जाऊन. तिसरी एप्रिलमध्ये, माणसं परतल्यावर. हा क्रम तुमच्या लोकांना सांगावाही लागणार नाही.

साधनं साधीच ठेवा. तुमच्या वसतिगृहाच्या हजेऱ्या, शाळेचं जनरल रजिस्टर, शिक्षण हमी कार्डांच्या (स्थलांतरित मुलांची शाळा सुटू नये म्हणून दिलेल्या) नोंदी, जेवणाच्या शिधाचा हिशोब. शिधाचा हिशोब हजेरीपेक्षा खरं बोलतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वाचन मोजायला नवीन चाचणी शोधत बसू नका. 'प्रथम'ची 'असर' पाहणी २००५ पासून जी वापरते ती अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी एका कागदावरची चाचणी मराठीत उपलब्ध आहे, गावातला बारावी झालेला मुलगा दोन दिवसांत शिकतो, आणि तुमचे आकडे इतर आकड्यांशेजारी ठेवता येतात. ५० गावांत उथळ माहिती घेण्यापेक्षा १० गावं घ्या, पाच वसतिगृहं असलेली आणि पाच नसलेली. प्रत्येक मुलाचा माग तीनही फेऱ्यांत सुटू देऊ नका.

मुलांची माहिती आहे म्हणून एक सक्त सूचना. पालकांची संमती घ्या, निघण्याआधीच्या फेरीत, त्यांच्या भाषेत समजावून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागतेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. नावांची यादी आणि उत्तरांची वही वेगवेगळी ठेवा. आणि एखादी मुलगी त्रासाचं किंवा ठरलेल्या लग्नाचं काही सांगेल, तेव्हा काय करायचं, कोणाला कळवायचं, हे आधी ठरवून ठेवा. ते ठरलेलं नसेल तर फेरी सुरूच करू नका.

पद्धतीचं काय, सॅम्पलिंग (नमुन्याची निवड) कोण बघणार, हा प्रश्न येईल. त्यासाठी एक मार्गदर्शक घ्या, महिन्यातून दोन दिवस. तुमच्यापासून तुळजापूरचं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र लांब नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात, अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या महाविद्यालयांत समाजकार्य, अर्थशास्त्र शिकवणारी मंडळी आहेत. मोठ्या नावामागे जाऊ नका. जो तुमच्या कार्यकर्त्याचं कच्चं टिपण वाचून लाल पेनाने दहा प्रश्न लिहील आणि उत्तर स्वतः देणार नाही, असा माणूस शोधा. अहवाल मराठीत लिहायचा, आणि तो तुमच्या दोघांनी लिहायचा. फंडरला हवा असेल तर चार पानांचा इंग्रजी सारांश नंतर करून देता येतो. लिहिणं हेच यातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगाचं प्रशिक्षण आहे. ज्याने एकदा आकडे, अपवाद आणि 'आम्हाला हे कळलं नाही' असं धरून वीस पानं लिहिली, तो पुढे कोणत्याही बैठकीत डगमगत नाही.

मंडळातल्या त्या दोघांचं म्हणणं यातून सुटलेलं नाही. प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. दोघांपैकी एकाला वर्षातून एकदा बाहेर जरूर पाठवा, चांगल्या संस्थेत आठवडाभर राहायला पाठवा. पण ते त्याला पडलेला प्रश्न घेऊन जाऊ दे. शिवाय नेतृत्वाचे बरेचसे नावाजलेले अभ्यासक्रम इंग्रजीत आणि मोठ्या शहरांत चालतात. तिथे तुमचा सर्वांत चांगला कार्यकर्ता भाषेमुळे गप्प बसतो आणि स्वतःला कमी समजून परततो, हे मी पाहिलंय.

पैशांचा अंदाज देते. हे प्रमाण तुमच्या तिथल्या पगारांनुसार बदलेल. वर्षाला १५ लाख धरा. या दोघांची निम्मी रोजची कामं काढून घ्यायची, म्हणजे त्यांच्या जागी दोन नवे कार्यकर्ते, महिना १८ हजारांप्रमाणे वर्षाचे ४ लाख ३२ हजार. त्या दोघांचं मानधन महिना १२ हजारांनी वाढवायचं, ते २ लाख ८८ हजार. म्हणजे ७ लाख २० हजार, जवळजवळ निम्मे पैसे, माणसांवर. फंडर यावर भुवया उंचावेल. तरी हा आकडा कमी करू नका, कारण इथेच संस्था घसरतात: अभ्यास 'जादा काम' म्हणून त्याच पगारात गळ्यात मारला जातो, चार महिन्यांनी रजिस्टरं रिकामी. पुढे तीन फेऱ्यांचा प्रवास, मुक्काम, छपाई, फोन यांना अडीच लाख. मार्गदर्शकाला दीड लाख. बाहेर शिकायला जाण्यासाठी १ लाख. हिशोबनीस आणि जुनी रजिस्टरं संगणकावर घालायला दीड लाख. झाले १३ लाख ७० हजार. उरलेले १ लाख ३० हजार 'दुसऱ्या फळीच्या निर्णयाने खर्च' अशा नावाने ठेवा आणि त्यावर भाऊंची मंजुरी लागणार नाही असं मंडळाच्या ठरावात लिहा. रक्कम लहान आहे, पण या टिपणातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ.

'देणगीदार संशोधनाला पैसे देत नाहीत, त्यांना खोली बांधून पाटी लावायची असते' असं कोणी म्हणालं तर पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था आठवून द्या. १९३० मध्ये ती उभी राहिली ती रावबहादूर काळ्यांच्या देणगीवर, आणि धनंजयराव गाडगिळांसारखा तरुण अर्थतज्ज्ञ तिला पहिला संचालक म्हणून मिळाला. मराठी मुलखात हे काही परकं नाही, मधल्या काळात मागायची सवय गेली एवढंच.

आता भाऊ. वीस वर्षं ज्याने स्वतःच्या खिशातून मुलांना जेवू घातलं, त्याला 'बाजूला व्हा' म्हणणं मला पटत नाही आणि जमतही नाही. मी असं सुचवते की भाऊंनी तीन वर्षांत तीन गोष्टी क्रमाने सोडाव्यात. पहिल्या वर्षी मासिक आढावा बैठक चालवणं. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम बाहेरगावी असावं. दुसऱ्या वर्षी शिक्षण विभागाशी आणि कारखान्यांशी बोलणी. पहिल्या दोन-तीन भेटींना त्यांनी सोबत जावं, ओळख करून द्यावी आणि गप्प बसावं. साहेब भाऊंकडे बघून प्रश्न विचारेल, तेव्हा भाऊंनी शेजारच्या कार्यकर्तीकडे बघावं. तिसऱ्या वर्षी निधीची बोलणी आणि सही. ही शेवटची गोष्ट सर्वांत जड जाते. त्या बदल्यात भाऊंना एक खरं काम द्या: त्यांच्या डोक्यातला वीस वर्षांचा इतिहास, गाव-गाव, टोळी-टोळी, रेकॉर्ड करून उतरवून घेणं. तुमच्या अभ्यासाचा तो पाया होईल आणि त्यांना मान मिळेल. हे नाटक वाटू नये. त्यांच्याजवळची ही माहिती खरंच दुसऱ्या कोणाजवळ नाही.

भाऊ कशालाच तयार नसतील तर? मग फंडरला तसं स्पष्ट सांगा आणि फक्त नोंदींच्या कामापुरते पैसे मागा, वर्षाला ५-६ लाख. माणसं घडवण्याचं नाव देऊन पैसे घ्यायचे आणि अधिकार मात्र द्यायचा नाही, यातून आहेत ती माणसंही जातात.

तुम्ही स्वतःबद्दल काहीच लिहिलेलं नाही. १२ वर्षं समन्वयक म्हणजे मंडळ तुमच्याकडेच वारस म्हणून बघत असणार, किंवा मुद्दाम बघत नसणार. तुम्हाला ती जागा हवी असेल तर भाऊंना आत्ताच, टिपण लिहिण्याआधी सांगा. नको असेल तर तेही सांगा, आणि त्या दोघांच्या मागे उभं राहायचं काम अंगावर घ्या. दोन्हींत मान आहे. मनात एक आणि टिपणात दुसरं असेल तर मात्र सगळे तीन वर्षं एकमेकांचा अंदाज घेत बसतील.

दोन पानी टिपण असं लिहा: पहिल्या अर्ध्या पानात तो एकच प्रश्न, मुलींचा. मग तो कोण शोधणार, त्या दोघांची नावं, ते आत्ता काय करतात. मग तीन फेऱ्यांचं वेळापत्रक, आणि पैसे फेब्रुवारीत नव्हे तर ऑगस्टच्या आत का हवेत याचं कारण. मग भाऊ कोणत्या वर्षी काय सोपवणार, आणि त्याखाली भाऊंची सही. शेवटी बजेट. 'क्षमताबांधणी', 'शाश्वतता' असले शब्द गाळलेत तरी चालेल. अर्ज वाचणारा माणूस त्या दिवशी असे तीस अर्ज वाचत असतो, आणि त्याच्या लक्षात राहते ती डिसेंबरमध्ये निघून जाणारी सातवीतली मुलगी.

जाता जाता एक रुक्ष पण गरजेची गोष्ट. त्या दोघांपैकी कोणाला पुढे विश्वस्त करायचं असेल तर संस्थेची घटना आधी काढून वाचा, विश्वस्ताला मानधन घेता येतं का याबद्दल त्यात काय लिहिलंय ते सीएला दाखवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करायचा अर्ज) द्यावा लागतो. तुमचा मागचा चेंज रिपोर्ट मंजूर झालाय का, तेही या आठवड्यात बघून घ्या. कित्येक संस्थांचे जुने रिपोर्ट वर्षानुवर्षं प्रलंबित असतात, शेड्यूल एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, वारलेल्या माणसांची नावं असतात, आणि फंडरच्या कागदपत्रांच्या यादीत तीच प्रत सर्वांत आधी मागितलेली असते.